राक्षसाच्या दुकानातला सौदा

लहान मुलांच्या एका जुन्या, नावाजलेल्या पुस्तकावर सिनेमा काढणाऱ्यांनी माझ्या नातीला फसवलं. मला फसवलं असतं तर माझं मी बघून घेतलं असतं. पण नात दुसरीत आहे, आणि आपण फसलोय हे तिला अजून कळलेलं नाही.

ते पुस्तक माझ्याकडे आलं जुन्या कपड्यांतून. माझी आई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर असायची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घराने आखूड झालेले गणवेश दिले, त्यांच्या गठ्ठ्यात ते निघालं. कव्हर नव्हतं, सुरुवातीची काही पानं गेली होती. आईला वाचता येत नव्हतं. ती भाकरी थापायची आणि मी मोठ्याने वाचायची.

गोष्ट अशी की, एका मुलीच्या धाकट्या भावाचं हसू राक्षस पळवतो. राक्षसाचं दुकान असतं, आणि पळवलेली हसू, झोपा, गाणी त्याने बाटल्यांत भरून फळीवर मांडलेली असतात. मुलगी एकटी तिथे जाते. भावाच्या हसूच्या बाटलीकडे ती ढुंकून बघत नाही. शेजारी पडलेल्या फुटक्या कंदिलाचा भाव विचारते. राक्षस म्हणतो, तुझी वेणी कापून दे. ती म्हणते, रिबीन देते. तो नाही म्हणतो, ती उठून चालायला लागते, आणि तो हाक मारतो. रिबिनीवर सौदा ठरतो. मग ती दारातून सहज मागे वळून विचारते, वर काय देता? फुटका कंदील खपला या खुशीत राक्षस म्हणतो, घे त्यातली एखादी बाटली.

आई हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "ही पोरगी आपल्यातलीच हाय की गं."

तिला त्यात नवल नव्हतं, हे ती रोज करायची. नवल मला वाटलं. वर्गातल्या मुली मला टोपलीवरून चिडवायच्या, आणि आईची तीच युक्ती पुस्तकात छापलेली होती. त्यानंतर मी टोपली उचलताना मान खाली घातली नाही. आज राजारामपुरीत माझं भांड्यांचं दुकान आहे. मी भाव सहजी सोडत नाही आणि मला राग लवकर येतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

नात मात्र मुखदुर्बळ. शाळेच्या रिक्षात एक थोराड मुलगी तिला कडेची जागा देत नाही, वर स्वतःचं दप्तर हिच्या मांडीवर ठेवते. मी भांडायला निघाले होते, पण रोज कोण जाणार तिच्यासाठी? म्हणून मी तिला ही गोष्ट सांगत राहिले. हळूहळू तिच्या डोक्यात शिरली. एकदा आपण होऊन म्हणाली, "आजी, मी आधी जागेचं बोलणारच नाही. आधी दप्तराचं बोलते." सोमवारी बोलायचं ठरलं.

आणि रविवारी मुलाने सगळ्यांची सिनेमाची तिकिटं काढली.

दुकानाचा प्रसंग आला तेव्हा मी नातीच्या कानाशी लागले. "आता बघ, कंदील मागंल." पडद्यावरच्या मुलीने कंदील मागितला नाही. तिने डोळे मिटून हात वर केले, आकाशातून झगझगीत तलवार आली, बाटल्या फुटल्या, राक्षसाचा धूर झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीला त्या प्रसंगात एकही वाक्य नव्हतं.

"अगं, ही बोलत का न्हाय?" मी जरा मोठ्यानेच म्हणाले.

मागून एकजण म्हणाला, "मावशी, तुम्ही गप्प बसला तर ती बोलंल की." सगळी रांग हसली.

बाहेर दारात थिएटरचा मॅनेजर उभा होता. मी विचारलं, "ह्या पिक्चरचा मालक कुठं भेटंल?"

"मुंबईला असतील, मावशी. का, एसी कमी होता?"

"एसी झकास हाय. सौदा कापलाय त्यातला."

त्याने माझ्या मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "आई, चल की."

"पॉपकॉर्नचं कूपन देऊ का?" मॅनेजर म्हणाला.

मी कूपन घेतलं नाही. कूपन घेतलं की तक्रार मिटली असं होतं.

घरी आल्यावर मी पुस्तक काढलं आणि दुकानाचं प्रकरण नातीला शब्दन्शब्द वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आणि तलवार कुठल्या पानावर आहे?"

"ह्यात तलवार न्हाय, बाळा."

"तुझी पहिली पानं फाटलीत ना? त्यात असेल."



सोमवारी मी दुकान उघडायच्या आधी रिक्षापाशी जाऊन उभी राहिले. नात मधे बसली. तिच्या मांडीवर दोन दप्तरं होती. मी खूण केली, बोल म्हणून. ती माझ्याकडे बघून नुसती हसली. संध्याकाळी मी विचारलं तर शांतपणे म्हणाली, "आपण काही करायचं नसतं, आजी. खूप त्रास झाला की ती येते."

"कोण येते?"

"तलवार."

आमच्या धंद्यात दाखवला एक आणि दिला दुसराच माल, असं झालं की गिऱ्हाईक दुकानात येऊन जाब विचारतं, आणि मालकाला गादीवरून उठून बोलावं लागतं. मी तेच करतेय. तुम्ही आकाश फाडा, राक्षसाचा धूर करा, माझी हरकत नाही. पण त्या पोरीच्या तोंडचं बोलणं कोणी काढून टाकलं आणि कशासाठी, हे मला कळलं पाहिजे. ज्याने काढलं त्याने कोल्हापूरला यावं, माझ्या नातीसमोर बसावं आणि तिला सांगावं, तिची तलवार कधी येणार आहे.