गेरूची रेघ

महाड-पोलादपूरमधला जुना दगडी पूल पाडायच्या आदल्या दिवशी काकाने मला बोलावलं. त्याचं घर नि गोठा नदीला लागून. पुलाच्या मधल्या खांबावर त्याच्या बापाने ओढलेली गेरूची रेघ होती. काका ती दरवर्षी मृगाआधी उजळायचा. पाणी रेघेला लागलं की गुरांची दावी सोडायची, टेकडीवर निघायचं. त्याआधी सोडली तर गुरं वाडीची भातरोपं खातात, म्हणून त्याआधी नाहीच.

"मास्तर, शिकलेला हायस. तूच माप घे."

मी कठड्यावरून दोरी सोडली. काकाने शिडीवर चढून रेघेपाशी गाठ मारली.

दीड वर्षाने त्याच जागी नवा पूल झाला. उद्घाटनाला फेटे, ढोल आणि नदीच्या पात्राहून रुंद मंडप. पाहुणे 'ऐतिहासिक' किती वेळा म्हणतात ते मी मोजत होतो नि शेजाऱ्याला हसवत होतो. बाराव्या वेळी उठून चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी नव्या कठड्यावरून तीच दोरी सोडली.

"वर वाटतेय रं जरा," शिडीवरून काका म्हणाला.

"दोरी तीच आहे, काका."

त्याने रेघ ओढली.

श्रावणात पूर आला, भर दुपारी. काका ओसरीवरून रेघ बघत बसला. गोठ्यात पाणी शिरलं तेव्हाही रेघ कोरडीच होती. काकूला चालता येत नाही; तिला पाठीवर घेऊन तो टेकडी चढला. परत वळला तोवर गोठा बुडाला होता. दोन बैल, म्हैस, तिचं पारडू. सगळी दाव्यालाच.

पाणी उतरल्यावर मी पुलावरची कोनशिला पहिल्यांदा वाचली. मान्यवरांच्या नावांखाली बारीक अक्षरांत होतं : जुन्या पुलापेक्षा पुरुषभर उंच.

"पाहुणे तेच तर सांगत होते," शेजारी म्हणाला. "तुम्ही चहाला गेलात."

मी काकाला सगळं सांगितलं. त्याने गेरूचा डबा माझ्या हातात दिला.

"रेघ खाली घे."

"आता गुरं कुठे आहेत, काका?"

"माझी नाय. वाडीतल्यांची हायत ना."

मी शिडी चढलो. काका रिकाम्या गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसला आणि तिथून हाताने खुणावत राहिला : अजून खाली, अजून. दोरी माझ्या खांद्यावर होती. ती त्याने मागितली नाही.