चेटकिणीची लेक

"पी. सगळं पी. खाली सांडू नको."

ऋतुजाची आई तांब्या घेऊन उभी होती. समोर माझी माय. अंगणात अर्धं गाव. तांब्यातलं पाणी नुकतंच ऋतुजाच्या डोक्यावरून ओवाळलेलं. त्यात राख, मीठ, पिळलेल्या लिंबाचा चोथा.

मायनं तांब्या घ्यायला हात पुढं केला. काकूंनी तांब्या झटकन वर उचलला.

"हात लावू नको. ओंजळ धर."

माय वाकली. ओंजळ धरली. वरून पाणी पडलं. ती प्याली.

"आता म्हण."

"मी केलेलं मी माघारी घेतलं," माय म्हणाली.

"जोरात."

माय जोरात म्हणाली.

मी सातवीत होते. मायच्या पदराला धरून उभी होते. समोर ओसरीवर गादी टाकलेली, तिच्यावर उशीला टेकून ऋतुजा. माझी मैत्रीण. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली.

त्या घरात आमच्यासाठी पाण्याचा ग्लास वेगळा होता. न्हाणीजवळच्या कोनाड्यात पालथा घातलेला. त्या घरानं त्या दिवशी माझ्या मायला पाणी पाजलं.

आमचं गाव मुदखेडपासून टमटमनं जवळच. भानामती हा शब्द आमच्याकडं बोलायला शिकणाऱ्या लेकरालाबी कळतो. कुणाच्या अंगावर फुल्या उठल्या, कुणाच्या पत्र्यावर दगड पडले, एखादी पोरगी भुंकायला लागली की कुणीतरी केलं. आणि ते कुणीतरी बहुतेक बाईच असते. विधवा, नाहीतर भांडखोर, नाहीतर आमच्या वस्तीतली. माझी माय तिन्ही होती.

त्या आठवड्यात ती भांडलीबी होती. ऋतुजाच्या शेतात हळद काढायला माय वर्षानुवर्षं जायची. त्या वर्षी दुसऱ्याच्या शेतात गेली, कारण तिथं दुपारच्याला सावलीत बसू द्यायचे. काकू वस्तीत आल्या. लई बोलल्या. माय एवढंच म्हणाली, "वैनी, मी तुमची बांधलेली न्हाई." त्यानंतर दोन-चार दिवसांत ऋतुजा शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. दातखीळ बसली, डोळे फिरले.

ती का कोसळली, हे आख्ख्या गावात दोघींनाच माहीत होतं. तिला आणि मला.

टीव्हीवर तेव्हा एक मालिका लागायची. हिंदीतली, कार्टूनची. ढगांवरच्या शाळेत शिकणाऱ्या चेटकीण पोरींची. आमच्या घरी टीव्ही होता, पण पत्र्यावर डिशची छत्री नव्हती. मी ऋतुजाकडं बघायची. ती पलंगावर, मी उंबऱ्याजवळ. मालिका सुरू झाली की ती पलंगावरून उतरून माझ्याजवळ येऊन बसायची. काकू आत गेल्या की. काकूंची चाहूल लागली की परत वर. आम्हाला दोघींना त्याचं काही वाटत नव्हतं. खेळातला नियमच असावा तसं.

मालिकेत एक डॉटी होती. दलदलीतली पोरगी. तिची जादू चिखलातून यायची. तिनं जादू केली की वर्गातल्या पोरी नाक धरायच्या. आणि एक ओरेला होती. तिच्या घरात सात पिढ्या नावाजलेल्या चेटकिणी. शाळेत तिच्या पणजीच्या नावाचा मनोरा. ओरेला डॉटीला छळायची. तिचा उडायचा झाडू लपवायची, तिच्यावर खोटे आळ घालायची. पण हळूहळू ती बदलायला लागली होती. एका भागात तिनं डॉटीला आपली शाल दिली. एका भागात तिच्यासाठी रडली. ऋतुजा म्हणायची, "मी ओरेला, तू डॉटी." मला ते आवडायचं. डॉटी हुशार होती. आणि मला माहीत होतं, शेवटी त्या दोघी मैत्रिणी होणार.

त्या मालिकेत उडायच्या परीक्षेआधी चेटकिणी उपास धरायच्या. एक दिवस, एक रात्र, पाणीसुद्धा नाही. ऋतुजाला ते करून बघायचं होतं. तिनं घरी ताट मांजरीला घातलं. शाळेत डबा मला दिला. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, वर गुळाचा खडा. मी खाल्ला. ती म्हणाली, "कुणाला सांगू नको, न्हाई तर जादू उतरते." दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रार्थनेला पडली.

त्यांच्या घरच्यांनी दवाखान्यात नेलं नाही. देवऋष्याला आणलं. तो म्हणाला, "घरात येणाऱ्या-जाणाऱ्यातलीच बाई हाय." बास. त्याला नाव घ्यावं लागलं नाही. मायला शेतातून बोलावून आणलं. हळदीचे हात तसेच.

मी अंगणात सगळ्यांसमोर ओरडले, "तिनं उपास धरला होता! कार्टूनमधला! तिचा डबा मी खाल्ला!"

मग काकू म्हणाल्या, "तू आमच्या पोरीच्या डब्याला शिवलीस?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मंग डब्यातूनच केलं."

मी ऋतुजाकडं बघितलं. ओरेला कधीतरी बोलणारच. मला खात्री होती.

"खरंय का गं?" काकूंनी तिला विचारलं.

"न्हाई," ऋतुजा म्हणाली. "मी जेवले होते."

मग तांब्या आला.

त्यानंतर माय त्या गल्लीतून गेली नाही. तिची चूक नव्हती, पण रस्ता तिनं बदलला. ती दिसली की बाया लेकराचं तोंड पदराखाली झाकायच्या. आमच्या वस्तीतल्यासुद्धा. घरात बाबासाहेबांचा फोटो, विहारात दर पौर्णिमेला वंदना, आणि बारशाला माझ्या मायला बोलावणं नाही. हे मला वरच्या आळीपेक्षा जास्त लागलं. तिकडून काय येणार हे माहीत असतं. आपलं माणूस नजर चुकवतं तेव्हा कुठं बघायचं ते कळत नाही.

मायनं मला अहमदपूरला मामाकडं पाठवलं. बारावीपर्यंत मी तिथंच शिकले. मामाच्या मोबाईलवर ती मालिका सापडली. राहिलेले सगळे भाग मी बघितले. शेवटाकडं ओरेला आख्ख्या शाळेसमोर उभी राहते. पणजीच्या मनोऱ्याखाली. म्हणते, चूक माझी होती, डॉटीनं काही केलं नाही. तो भाग मी किती वेळा बघितला, सांगता येत नाही. मामी म्हणायची, "येवढी घोडी झाली, कार्टून काय बघायली?" मी कार्टून बघत नव्हते. मी वाट बघत होते. मामाचा नंबर ऋतुजाकडं होता. मीच देऊन आले होते. फोन आला नाही.

नांदेडला बी.एस्सी.ला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या दारात ऋतुजा. धावत आली, गळ्यात पडली. "अगं, तू! माझी डॉटी!" सगळ्यांसमोर. मीबी तिला मिठी मारली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मला वाटलं, आता ती बोलेल.

ती बोलली नाही. तिसरं वर्ष उजाडलं. आम्ही एका बाकावर बसलो, गोदावरीच्या घाटावर गेलो, एका प्लेटमध्ये पाणीपुरी खाल्ली. ती शहरात माझं उष्टं खायची. सुट्टीत गावाकडं गेली की माझा फोन उचलायची नाही. मी समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या खोलीत राहायची. माय तिथं नव्हती, तरी सोबत असायची. त्या खोलीत बसून मी स्वतःला समजवायची, वेळ लागतो. मालिकेतबी लई भाग लागले होते.

यंदा गॅदरिंगला नाटुकलं करायचं ठरलं. ऋतुजानंच लिहिलं. त्या मालिकेवरचं. मैत्री, माणसाचं बदलणं वगैरे. ती ओरेला, मी डॉटी. वर्गाला लई आवडलं. सरांनाबी.

रंगीत तालमीच्या सकाळी मायचा फोन आला. आवाज बसलेला.

"बाई, शाळेत दोन पोरी पडल्या. काल एक, आज एक."

"दवाखान्यात नेलं का?"

"न्हाई. लोकं शाळेत जमायलेत. देवऋषी यायलाय." मग म्हणाली, "परत माझंच नाव घ्यायलेत."

मी ऋतुजाला गाठलं. ती सभागृहाच्या मागं आरशासमोर काळा झगा घालून बसली होती. डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी. मी सगळं सांगितलं.

"घरी फोन कर," मी म्हणाले. "एवढंच सांग, त्या दिवशी तुझा उपास होता. तू सांगितलंस तर गाव ऐकेल."

तिनं आरशातूनच माझ्याकडं बघितलं. "अगं, आत्ता? आईला बीपी आहे. तिला किती लागेल माहितीये?"

"माझ्या मायला काय लागायलं, माहितीये?"

"मी लहान होते गं."

"मीबी लहान होते. मी बोलले होते."

तिच्या डोळ्यात पाणी आलं. "मी येईन ना. सुट्टीत येईन, तुझ्या आईचे पाय धरीन. एकटी येईन. सगळ्यांसमोर कशाला?"

"सगळ्यांसमोरच झालं होतं."

तेवढ्यात तिला स्टेजवरून हाक आली. ती उठली. जाताना माझा दंड दाबून म्हणाली, "गॅदरिंग होऊ दे. मग बघू."

मी विंगेत उभी राहून बघत होते. ती मध्ये गेली. पुठ्ठ्याच्या मनोऱ्याखाली उभी राहिली. आणि तिनं ते भाषण म्हटलं. "चूक माझी होती. डॉटीनं काही केलं नव्हतं. मी घाबरले होते." रडत म्हटलं. खरं रडत. पोरी डोळे पुसत होत्या. सर म्हणाले, "वा! असंच ठेव, बाळ."

तिथं मला कळलं. तिला ते सगळं शब्दाशब्दानं पाठ होतं. काय म्हणायचं, कुठं उभं राहून म्हणायचं, कुणासमोर म्हणायचं. तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिला फक्त ते खोटं असायला पाहिजे होतं.

आणि आणखी एक कळलं. त्या आख्ख्या मालिकेत डॉटी काय करते? ती छळ सोसते. वाट बघते. दोनदा ओरेलाचा जीव वाचवते. मग कुठं ओरेला चांगली होते. टाळ्या ओरेलाला. डॉटी पहिल्या भागातबी चांगलीच होती, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही. तिचं चांगलं असणं दुसरीला सुधारायला खर्ची पडतं. मी इतकी वर्षं त्या पोरीची नक्कल करत राहिले होते.

माझी पाळी आली. मी स्टेजवर गेले. त्या प्रवेशात मला एकच वाक्य होतं: "मला माहीत होतं, तू बोलशील." ऋतुजा हात पसरून उभी.

मी म्हणाले, "तू बोलली न्हाईस."

"वाक्य चुकलं," सर खालून म्हणाले.

"न्हाई सर. वाक्य बरोबर हाय."

मी झगा काढला. खुर्चीवर ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं काय मनावर घेते, कार्टून आहे." या वेळी मी ऋतुजाकडं बघत थांबले नाही.

मुदखेडची पॅसेंजर मिळाली. स्टेशनावरून टमटम. मी घरी न जाता सरळ शाळेत गेले. व्हरांड्यात माणसं. मध्ये एक पोरगी सतरंजीवर निजलेली, ओठ पांढरे. देवऋष्यानं लिंबू मांडलेलं. काकू होत्या, पुढंच. केस पिकले होते. कोपऱ्यात माय उभी. तिला बोलावून आणलं होतं.

मी मायच्या पुढं जाऊन उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"सातवीत ऋतुजा पडली ती उपाशी होती म्हणून. माझ्या मायनं तेव्हा काही केलं न्हाई, आताबी केलं न्हाई. ही पोरगी अशीच निजून राहिली तर मरंल. हिला मी दवाखान्यात नेते. ज्याला माझ्या मायचं नाव घ्यायचंय, त्यानं आत्ता घ्यावं. माझ्या तोंडावर."

कुणी घेतलं नाही. मागून काकूंचा आवाज आला, "शिकली म्हणून लई बोलायली."

"हाव," मी म्हणाले. "शिकले म्हणूनच."

पोरीचा बाप उठला. त्यानं तिला उचललं. दुसरीलाबी घरून आणलं. ग्रामीण रुग्णालयात बाटली लावली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही पोरींच्या. एवढंच.

गाव बदललं नाही. कुणी माफी मागितली नाही. त्या पोरीच्या आईनं दवाखान्यात माझ्याशी बोलून घेतलं आणि माय आली तशी तोंड फिरवलं. संध्याकाळी ऋतुजाचा मेसेज आला: "आईनं सांगितलं. तू किती स्ट्राँग आहेस! प्राऊड ऑफ यू." पुढं चेटकिणीच्या टोपीचं इमोजी. मी उत्तर दिलं नाही. ती बदलेल की नाही, ते तिचं तिनं बघावं. तिच्या सुधारण्याची पायरी मी होणार नाही.

रात्री जेवताना माय म्हणाली, "पुन्हा नाव घेतलं तर?"

"तर ठाण्यात जायचं. जादूटोण्याविरुद्ध कायदा हाय."

"ते लिहून घेतील का?"

"न्हाई घेतलं तर नांदेडला जायचं. एसपीकडं. तिथंबी न्हाई घेतलं तर कोर्टात. तू फक्त घाबरून काही कबूल करू नको."

मायनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "उद्या मी त्या गल्लीतून जाते."

"मी येते संगं."

"नको. तुझं कॉलेज हाय. मी एकटी जाते. मधोमध चालते. कोण लेकराचं तोंड झाकतंय, ते बघून घेते."