रित्या गावाची पालखी

श्रीभैरवनाथास वंदन करून, आजच्या चैत्रयात्रेच्या निमित्ताने, स्वातंत्र्याआधीची एक आठवण लिहितो.

राहुरीकडे पाटाच्या पाण्यावर वस्त्या वाढत होत्या आणि पूर्वेकडचे आमचे कोरडे गाव रिते होत होते. त्या वर्षी ऊसतोडीस गेलेले पुरुष यात्रेलाही परतले नाहीत. पालखीला खांदे नव्हते, म्हणून मी, गावचा पुजारी, देवाला देवळातच ठेवण्याचे ठरवले.

तेव्हा एक वृद्धा म्हणाली, “म्हाराज, आमी दोन-दोन घागरी वाहतो. देव त्याहून जड हाय व्हय?”

बायका हसल्या. मला शास्त्रातला निषेध आठवेना. मी पालखी त्यांच्या खांद्यांवर दिली. प्रत्येक बंद दारापुढे त्या थांबत आणि परगावी गेलेल्यांच्या नावाने उंबऱ्यावर गुलाल वाहत.

वाचकहो, आपले घर भरलेले राहो आणि दूर गेलेली आपली माणसे सुखरूप असोत.