बुधवारची गोळी

आमच्या गावात बीपी तपासाले दर बुधवारी एक बाई सायकलनं येत होती. नाव मी कधी विचारलं नाई. पट्टा बांधताना ती जीभ दातात धरे.

मी मोठा हुशार! गोळी मंगळवारी-बुधवारीच खात होतो, बाकी दिवस सुट्टी. बुधवारी बीपी बरोबर निघे.

"भाऊ, रोज घेता ना?"

"घेतो ना बाई! बायकोपेक्षा गोळीलेच जास्त भेतो."

ती हासे.

मंग एक दिवस धानाच्या बांधीत पडलो, उजवं अंग गेलं. ती आली तं बायकोनं उरलेल्या गोळ्यायचा डबाच पुढं केला. बाई रागावली नाई. म्हणे, "भाऊ, बाकी घरी गोळीसाठी भांडावं लागे. तुमच्या घरी मी बिनघोर बसत होती. चुकली मी."

चूक माही हाये हे सांगाले तोंड उघडलं, तं नुसती लाळ गळली.

आता थोडं बोलता येते. पण बुधवारी दुसरीच बाई येते.