कुसुमच्या लग्नाचं पातेलं

एका लग्नाला मी आहेराचं पातेलं घेऊन गेलो. ते लग्न अठरा वर्षांपूर्वीच लागलं होतं.

दोष माझाच. शेजारच्या काकांना अख्खी भिवंडी ओळखीची होती. लूम कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून जन्म घालवलेले हे काका आता दिवसभर ओट्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नाती वाटत. धामणकर नाक्यावरच्या हवालदाराचा गालगुच्चा घेऊन त्यांनी भर गर्दीत विचारलं, "क्यूं रे, माझ्या मांडीवर मुतायचास तो तूच ना?" हवालदार मूळचा साताऱ्याचा, पण दुसऱ्या दिवसापासून जाता-येता सलाम ठोकू लागला. मी त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं त्याच दिवशी मला म्हणाले, "काय रं, बारीक झालास!" मला बारीक म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात काही बिघाड असेल, ही शंका घ्यायची माझी इच्छाच नव्हती.

तर एका रविवारी काका धुतलेलं धोतर नेसून दारात हजर. "चल गणेशपुरीला. आमच्या कुसुमचं लगीन हाय." त्यांचा मुलगा शिफ्टला गेलेला. मी आणखी कोणाला न विचारता नाक्यावर स्टीलचं पातेलं घेतलं आणि त्यावर 'चि. सौ. कां. कुसुम हिच्या शुभविवाहानिमित्त' असं कोरून घेतलं. मजकूर इतका लांबला की माझ्या नावाला जागाच उरली नाही. एसटीत काका लग्नाचं वर्णन करत होते: "अंतरपाट मीच धरलेला. हात भरून आलं व्हतं." लग्न अजून लागायचंय आणि यांचे हात आधीच भरून आले, याचंही मला काही वाटलं नाही.

गणेशपुरीत मांडव दिसेना. दारात एक बाई तांदूळ पाखडत होती, कपाळावर पांढरी बट. मी ऐटीत विचारलं, "नवरी कुठाय?"

"मीच ती," म्हणता म्हणता तिची नजर काकांवर गेली आणि सूप हातातच राहिलं. काका ओट्यावर टेकले, तशी मला बाजूला घेऊन पुटपुटली, "जावई पसंत न्हवता म्हणून बाबा माझ्या लग्नाला आलंच न्हाय. ही पायरी आज पहिल्यांदा चढलं."

तिकडून काकांनी हाक मारली, "कुसुम, अंतरपाट मीच धरलेला ना गं?"

शहाणपणा करायला मी तोंड उघडलं, "काका, तुम्ही तर..." तिनं असं पाहिलं की पुढचे शब्द गिळले.

"धरलेला ना, बाबा," ती म्हणाली. "जरापण हलू दिला न्हाय."

काका खुलले. माझ्या हातातलं पातेलं काढून त्यांनी तिच्यापुढं धरलं. "घे. बापाचा आहेर."

कोरलेल्या अक्षरांवरून तिनं दोनदा बोट फिरवलं. "माहेरचं एक भांडं न्हवतं घरात," म्हणाली, आणि लगेच त्यातच भात टाकला.

पानावर बसल्यावर तिनं विचारलं, "बाबा, ह्या पाव्हण्यांची वळख न्हाय करून दिली?"

काकांनी मला नीट न्याहाळलं.

"हा? लग्नातबी असाच हात हलवत आलेला. जेवून गेला."