शेवंतानं मुळीचं नाव सांगितलं

जाम गावच्या चौकात फवारणीचा पंप दुरुस्त करून घेत उभा होतो, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काका, लवकर या. काकू आंगणात पडल्या." घरी आलो तर माझी बायको शेवंता खाटेवर निजवलेली आणि आंगणभर बाया. त्यातली एक दुसरीच्या कानात सांगत होती, "मुळीचं नाव सांगितलं ना त्या मॅडमले... मंग काय होईन?" डॉक्टरनं हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. पण माझ्या डोक्यात त्या बाईचंच बोलणं जाऊन बसलं.

शेवंता थंडीतापाची दवा द्यायची. तिच्या आईकडून आलेली, एका मुळीचा काढा. वडनेर, अल्लीपूरकडून माणसं यायची. नेम एकच होता, मुळीचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं की दवेचा गुण जातो. नाल्यावर मीही सोबत जायचो, पण ती खणायला बसली की मी पाठ करून उभा राहायचो. काढा ती मागच्या चुलीवर एकटी करायची. सारा संसार झाला, पण झाड कोणतं हे मला माहीत नाही. गावातले हसायचे, "बुढ्याले घरातली दवा माहीत नाई." मी म्हणायचो, "तुह्या बायकोच्या मनात काय हाये ते तुले माहीत हाये काय?"

मागच्या पावसाळ्यात मला ताप भरला. दात वाजत होते, अंगावर दोन गोधड्या. मी म्हटलं, "काढा टाक वं." तिनं आशाताईला बोलावलं, माझ्या बोटाचं रक्त तपासायला लावलं आणि हिवताप निघाल्यावर सरकारी गोळ्या समोर ठेवल्या.

"गावाले काढा अन् नवऱ्याले गोळी काऊन?"

"गपचूप पान्यासंगं गिया. पंचायती नोका करू."

गोळ्या पोटात गेल्या, मी बराही झालो, पण ही गोष्ट घशातच राहिली. हिचा हिच्याच दवेवर भरोसा नाही, की ती दुसऱ्यांसाठीच आहे? विचारलं की ती भांडी वाजवायची.

मग नागपूरहून ती मॅडम आली. गावोगावची तापाची झाडपाल्याची औषधं गोळा करायची, कॉलेजात नेऊन त्यांनी हिवतापाचे जंतू मरतात का ते पाहायचं, असं तिचं काम. गावाला विचारल्याशिवाय काही विकणार नाही, असा कागदही वाचून दाखवला. मी चौथी शिकलो. कागद गोड वाचता येतो एवढं मला कळतं. वाटलं, ही आपलीच मुळी बाटलीत भरून आपल्यालाच विकणार. शेवंता मात्र तिला घेऊन नाल्यावर निघाली आणि मला म्हणाली, "तुमी घरीच राहा."

"नाव सांगितलं तिले?" ती आल्यावर मी विचारलं.

"सांगितलं."

"मले नाई सांगितलं कधी, अन् तिले सांगतं?"

"तुमाले सांगून काय होते? ते कॉलेजवाले तपासून पाह्यतीन."

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेवंता गेली... म्हणून बायांचं बोलणं मला खरं वाटायला लागलं.

महिन्याभरानं मॅडम दारात आली. मी बस म्हटलं नाही. "नाव नेलं, माणूस नेलं. आता काय न्याले आली?"

ती उभीच राहिली. म्हणाली, "काका, त्या दिवशी नाल्यावर काकू काय म्हणाल्या सांगू? 'माह्या नवऱ्याले ताप आला तं माहा हात काढ्याकडं गेलाच नाई. तवापासून लोकाले द्याचा भेव वाटते. तू खरं काय ते पाह्यून सांग.'"

मग तिनं निकाल सांगितला. मुळीच्या अर्कानं काचेच्या बशीतले जंतू थोडे कमी झाले, पण दवा म्हणावी इतके नाही. अर्क वाढवला तर अंगातल्या चांगल्या पेशीही मरतात.

"मन राखाले तं नाई सांगून राह्यली?"

"मन राखायचं असतं तर 'सगळे मेले' म्हटलं असतं, 'थोडे' कशाला?"

"मंग तिनं तुले फसवलं असंन. दुसरीच मुळी देल्ली असंन." मनातून मला तसंच पाहिजे होतं. म्हणजे खरी दवा बाकी राहिली असती.

मॅडमनं पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत वाळली मुळी. दिसायला कशी असते ते मला काय ठाऊक? नाकाशी नेली... भाकर वाढताना, कपाळावर हात ठेवताना शेवंताच्या तळहाताला जो कडू, मातकट वास यायचा, तोच. तिनं कोणाला फसवलं नव्हतं. मी खाटेवर जागा केली आणि मॅडमला म्हटलं, "बस."

पुडी ती माझ्याजवळ ठेवून गेली. झाडाचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी इथं लिहिलं नसतं, कोणी उकळून प्यायचं.

माणसं अजून येतात. परवा अल्लीपूरचा एक जण पोरीला शालीत गुंडाळून आला. "बावाजी, काकूची मुळी हाये का घरात?"

"हाये. पण देत नाई. आधी तिचं रक्त तपासून घे, जाय."

"बुढा लपवून राह्यला," असं पुटपुटत तो गेला, पण दवाखान्याच्या रस्त्यानं गेला, मी बघत होतो. मग कोनाड्यात शेवंताच्या फणीजवळ ठेवलेली पुडी हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. मागच्या वेळी वास कमी आल्यासारखा वाटला... म्हणून आता ती रोज उघडत नाही.