खाट ते टेबल: खरात सिस्टरांचे भांडण

खरात सिस्टरांच्या साठीनिमित्त चार शब्द लिहा, असे गौरवग्रंथाच्या मंडळींनी सांगितले. माझे मन सध्या थाऱ्यावर नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मी परतूरहून जालन्याच्या आमच्या रुग्णालयात नोकरीला आले, तेव्हा विमल खरात सिस्टर प्रसूती वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या. पहिल्याच सकाळी म्हणाल्या, "आधी बाळंतिणीचं तोंड बघ, मंग तक्ता." हे अंगवळणी पडायला मला फार वेळ लागला.

पुढे नोंदींसाठी संगणक आला आणि खाटेला लटकणारा कागदी तक्ता बंद झाला. सिस्टर जुन्या वळणाच्या, नाक मुरडतील असे वाटले होते. झाले उलटेच. सर्वांआधी त्याच शिकल्या, डॉक्टरांचे अक्षर लावण्याची कटकट गेली म्हणून खूशही झाल्या. पण संगणक एकच, तोही दाराजवळच्या टेबलावर. नर्स मुली खाटेपाशी रक्तदाब मोजून आकडा तळहातावर लिहायच्या आणि फेरी संपली की टेबलाशी बसून भरायच्या. मध्ये हात धुवायचे, तेही सिस्टरांनीच शिकवलेले. आकडे पाण्याबरोबर जायचे, मग अंदाजपंचे कारभार.

राजूरकडच्या एका बाळंतिणीचा रक्तदाब असाच अंदाजाने 'ठीक' भरला गेला. सिस्टर सवयीने खाटेपाशी गेल्या, तर बाईंचे अंग गार पडलेले, रक्तस्राव चालू. डॉक्टर धावले आणि बाई वाचल्या. नोंद करणाऱ्या मुलीला काढायचे ठरले, तेव्हा सिस्टर व्यवस्थापकांसमोर उभ्या राहिल्या. "अंदाजानं भरलं ही चूकच, मी तिला बराबर सुनावलंय. पण हात धुतले हा गुन्हा न्हाई. संगणक खाटेपाशी न्या, तवर कागदाचा तक्ता तिथं परत लावा. न्हाईतर आधी मला काढा."

मुलगी राहिली, कागदही परत आला. संगणक मात्र जागचा हलला नाही. काहीजण याला सिस्टरांचा हट्ट म्हणतात. म्हणोत बापडे.

आता सिस्टर निवृत्त होत आहेत आणि कागद बंद करण्याचे पुन्हा निघाले आहे. नवी इन्चार्ज म्हणून संमतीची सही माझी लागणार. इथे हारतुऱ्यांची चर्चा चालली आहे आणि मला अन्न गोड लागत नाही. काय करू, असे सिस्टरांना विचारले तर म्हणाल्या, "आता वॉर्ड तुझा हाय, तूच ठरव." मला त्यांचा रागच आला, अजूनही आहे.

सिस्टर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, दमलेल्या गुडघ्यांना आराम मिळो, दुपारची झोप मिळो. संगणक खाटेपाशी येईपर्यंत सही करणार नाही, असे मी आज व्यवस्थापकांना सांगून आले आहे. नोकरी राहते की जाते, ठाऊक नाही.